बास्केटबॉलवर लावलेली रजा

आमच्या लेकीने बापाच्या वर्षश्राद्धाची रजा बास्केटबॉलवर लावली, हे मला कळलं तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. जुडी मांडीवर तशीच राहिली. मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. वय झालं की असं होतं, अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या मनाचं घालायचं. म्हणून पुन्हा विचारलं.

"लावली म्हणजे काय केलंस?"

"पैज, आई. जिंकले तर रजा माझी. हरले तर दुसऱ्याची."

"आणि बाबांचं श्राद्ध?"

"त्यासाठीच तर लावली ना."

एवढं बोलून ती भाजीला फोडणी द्यायला उठली. जणू वाण्याकडून साखर आणली, एवढंच सांगितलं.

आता तुम्हाला नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई काय बोलते आहे. मी सध्या सिंगापूरला लेकीकडे असते. क्लेमेंटीला त्यांचा भाड्याचा फ्लॅट आहे. जावई तिथल्याच विद्यापीठात संशोधन करतात. आकडेमोडीचं काहीतरी आहे, मला दोनदा समजावून सांगितलंय आणि दोन्ही वेळा मी मान डोलावलीय. लेक आंग मो किओला एका कंपनीत इंजिनिअर आहे. ती आमची एकुलती एक. गेल्या चैत्रात हे गेले ते इतक्या अचानक की लेक विमानातच होती. पुण्यात पोचली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. अग्नी माझ्या पुतण्याने दिला. त्याने काही वावगं केलं नाही, देह किती वेळ ठेवणार? पण लेक दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "नेलं?" तो तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

तेव्हाच तिने ठरवलं होतं की वर्षश्राद्धाला ती स्वतः बसणार. माझ्या दिरांनी फोनवर सांगितलं होतं, "वहिनी, ती आली तर बसू दे, माझी ना नाही. हल्ली मुलीही करतात. पण नाही आली तर आपला मुलगा आहेच, आधीच सांगा म्हणजे झालं." म्हणजे सगळं त्या रजेवर अडलेलं होतं. रजा मिळाली तर लेक बसणार, नाहीतर पुन्हा पुतण्या.

आणि ही रजा तिने चेंडूच्या खेळावर लावली.

"अगं, पण साहेबाला सरळ सांगायचं ना, वडिलांचं वर्ष आहे म्हणून. तो काय दगड आहे?"

"कारण सांगायचं नाही, असा नियम आहे."

हे ऐकून तर मी कोथिंबीर बाजूलाच ठेवली. असला नियम मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या ह्यांनी शाळेत तीस वर्षं नोकरी केली. तिथे रजेच्या अर्जावर कारण नसेल तर अर्ज परत यायचा. आणि इथे कारण असेल तर चालत नाही.

मग तिने समजावलं. चैत्राच्या त्या पंधरवड्यात त्यांचं मोठं काम निघालं होतं. अमेरिकेतल्या एका बँकेची सगळी यंत्रणा जुन्यावरून नव्यावर न्यायची, त्यामुळे शनिवार-रविवारही ऑफिस. अख्ख्या टीममधून एकालाच सुट्टी देता येत होती. मागच्या वर्षी असाच प्रसंग आला तेव्हा दोघांनी एकाच आठवड्याची रजा मागितली. एकाच्या भावाचं लग्न, दुसऱ्याच्या बायकोचं ऑपरेशन. साहेबाने ऑपरेशनवाल्याला सोडलं. त्यात चूक काय? पण लग्नवाला पुढे कितीतरी दिवस कुणाशी धड बोलेना. ऑपरेशनवालाही खाली मान घालून वावरायचा. आणि सगळ्यांना वाटायला लागलं की रजा हवी तर आपल्या घरातलं दुःख दुसऱ्यापेक्षा मोठं करून दाखवावं लागतं. तेव्हा सगळ्यांनी मिळूनच ठरवलं की पुढच्या वेळी कुणी कारण सांगायचं नाही, खेळावर सोडायचं, अमेरिकेतल्या कॉलेजांची दर मार्चला बास्केटबॉलची स्पर्धा असते तिच्यावर.

"मग चिठ्ठ्या टाकायच्या," मी म्हटलं. "हे कॉलेजच्या पोरांचं बास्केटबॉल कशाला?"

"चिठ्ठीत माणसाचं काही चालत नाही. ह्यात थोडं डोकं लागतं, थोडं नशीब. आणि साहेब अमेरिकेत शिकलाय, त्याला मार्चमध्ये दुसरं काही सुचत नाही."

साहेब इथलाच, तमिळ. त्याच्या केबिनमध्ये त्याच्या कॉलेजचा झेंडा लावलेला आहे म्हणे. मी मनात म्हटलं, धन्य आहे. पण तोंडाने म्हटलं, "हे बरोबर नाही हं. मरणाची गोष्ट अशी खेळात घालू नये."

लेकीने तेलात मोहरी टाकली. 

पाडवा दोन दिवसांवर होता. वर्षाच्या आत आम्ही सण करत नाही, म्हणून गुढी नाही, श्रीखंड नाही. त्याऐवजी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक मोठा कागद पसरलेला. त्यावर दोन्ही बाजूंनी रेघा निघून मध्ये येऊन मिळतात, झाडाच्या फांद्या उलट्या वाढाव्यात तशा. त्याला ब्रॅकेट म्हणतात. जावई पेन्सिल घेऊन बसले. मला वाटलं होतं की हे शिकलेले, निदान हे तरी नाक मुरडतील. पण त्यांचे डोळे चमकत होते.

"आई, बसा. तुम्हाला गंमत सांगतो."

"गंमत कसली, जुगार तो जुगारच."

"पैसे कुठायत त्यात?"

"पैसे असते तर परवडलं असतं."

ते हसले, पण मग मला खरंच नीट शिकवलं. आणि मी, खोटं कशाला सांगू, कान देऊन ऐकलं. ज्यावर आपल्या घरातलं एवढं काही टांगलंय ते कसं चालतं, हे कळायला नको का? चौसष्ट कॉलेजं. त्यांचे चार गट. प्रत्येक गटात एक ते सोळा नंबर लावलेले, एक म्हणजे सगळ्यात तगडा. पहिला सोळाव्याशी खेळतो, दुसरा पंधराव्याशी, असं. एकदा हरला की घरी. खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळा कागद भरून द्यायचा, कोण कुणाला हरवणार ते शेवटच्या सामन्यापर्यंत. एकदा दिला की खोडायचं नाही.

"आता पहिली गोष्ट," जावई म्हणाले. "पहिल्या नंबरवाल्यांशी शहाणपणा करायचा नाही. सोळावा जिंकत नाही. शंभरातून एखाद्या वेळी जिंकेल, पण ते आपल्याला आधी कळणार नाही. तेव्हा तिथे डोळे मिटून पहिला लिहायचा."

"मग डोकं कुठे लावायचं?"

"पाच विरुद्ध बारा. इथे नेहमी कोणीतरी पडतो. पाचव्या नंबरवालं मोठ्या नावाचं कॉलेज असतं, पण शेवटी शेवटी धापा टाकत आलेलं. बारावं लहान गावचं, पण आपल्या भागातली स्पर्धा जिंकून आलेलं. मुलं वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली. चार गटांत मिळून असे चार सामने. त्यांतल्या एखाद-दोन ठिकाणी बारावा लिहायचा. चारही ठिकाणी लिहिला तर आपण शहाणे नाही, हौशी."

मग गुणांचं सांगितलं, कारण ज्याचे गुण सगळ्यात जास्त त्याची रजा. पहिल्या फेरीतल्या बरोबर उत्तराला एक गुण, पुढच्या फेरीत दोन, मग चार, असे दुप्पट होत जातात. शेवटचा विजेता ओळखला तर पहिल्या फेरीतली सगळी उत्तरं बरोबर आल्याइतके गुण एकदम मिळतात. म्हणून कागद पुढून भरायचा नाही, शेवटून भरायचा. आधी विजेता ठरवायचा, मग त्याचा रस्ता मागे मागे आणायचा.

"म्हणजे लग्नात मुहूर्त धरून मागे मोजत येतो तसं," मी म्हटलं. "साडेदहाचा मुहूर्त तर हळद कधी, नाश्ता कधी."

"अगदी तसं."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. म्हणाले, आपल्याला खेळ ओळखायचा नाही, ऑफिसातली माणसं ओळखायची आहेत. सगळे जण ज्याचं नाव लिहिणार तेच आपणही लिहिलं, आणि तो जिंकला, तर आपल्याला काही मिळालं नाही, कारण सगळ्यांनाच मिळालं. म्हणून जवळजवळ तितकाच तगडा, पण इतरांनी न लिहिलेला, असा शोधायचा. फार लांबचा नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरचा.

मग लेक एकेका माणसाचं सांगू लागली. साहेब आपलंच कॉलेज विजेता लिहिणार, दरवर्षी लिहितो, आणि ते दरवर्षी हरतं. दोघं जण फुटबॉलवेडे, त्यांना ह्यातलं काही कळत नाही, ते पहिल्या नंबरांची नावं लिहून मोकळे होणार. एकीला रजा नकोच आहे, ती जर्सीचे रंग बघून भरते. "राहिला तो इपोहचा," लेक म्हणाली. "तो नीट भरेल. त्याच्यापासून जपायचं."

इपोहचा म्हणजे तिचा एक सहकारी, मलेशियातल्या इपोह गावचा चिनी. त्याला मी ओळखत होते. वुडलँड्सला खोली घेऊन राहतो. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तो शाकाहारी खातो, आईने लावलेली सवय. आणि ते दिवस बरोबर आपल्या पौर्णिमेला आणि अमावस्येच्या पुढे-मागे येतात. ऑफिसात आमच्या लेकीचा डबा म्हणजे त्याची त्या दिवसांची सोय. त्यामुळे कालनिर्णय बघून मी त्याच्यासाठी दोन पोळ्या जास्त टाकत असे. घरी आला की मला आंटी म्हणतो, माझ्या हातची मटकीची उसळ दोनदा घेतो. आणि आता त्याच्यापासून जपायचं.

एक चौकट मी भरली, हेही सांगून टाकते. आमचे हे कबड्डीचे पंच होते. जिल्ह्याच्या स्पर्धांना कॉलेजची पोरं आमच्या शाळेत उतरायची आणि जेवायला माझ्याकडे असायची. कोण उद्या जिंकणार हे मी पंगतीत सांगायचे. आदल्या दिवशी फार हसणारी हरायची, मुकाट जेवणारी जिंकायची. तर मी जावयांच्या मोबाइलवर एका तेराव्या नंबरच्या संघाचा फोटो पाहिला, सगळी पोरं गंभीर, आणि म्हटलं, हा लिहा. जावयांनी पेन्सिल कानामागे ठेवली. लेक म्हणाली, "लिहा हो, आईची एक." तो संघ असा हरला की मला त्या पोरांची दया आली. गंभीर दिसत होते ते बहुतेक भीतीने.

अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा इथे सकाळ. त्यामुळे ते पंधरा-वीस दिवस आमच्या घरात पूजेच्या वेळी बास्केटबॉल चालायचं. मी देवांना पाणी घालते आहे आणि मागून जावई म्हणताहेत, "गेला, गेला, पाचवा गेला." आणि खरंच, त्यांनी लिहिलेला एक बारावा जिंकला. मग पहिल्याच रविवारी तो मोठा धक्का बसला. ज्या कॉलेजला सगळं जग विजेता म्हणत होतं, लेकीच्या ऑफिसात अर्ध्याअधिक लोकांनी ज्याचं नाव लिहिलं होतं, ते आठव्या नंबरच्या कुठल्याशा कॉलेजकडून हरलं. त्या धिप्पाड पोरांपैकी एक टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. मला कळेना की मी आनंदले की हादरले. एका सकाळीत सात-आठ माणसांची रजा गेली. कुणास ठाऊक, त्यांची काय कारणं होती. विचारायची सोय नव्हती.

मग उरले दोघं. लेक आणि इपोहचा. तिचा विजेता एक दुसऱ्या नंबरचा संघ, त्याचाही दुसऱ्या नंबरचाच, पण वेगळ्या गटातला. गुण जवळपास सारखे. जावई म्हणाले, "अंतिम सामना ह्या दोघांतच झाला, तर ज्याचा संघ जिंकेल त्याची रजा. हिशेब संपला."

चैत्री पौर्णिमेला मी नेहमीसारखा मोठा डबा भरला आणि नेमकी लेक तो ओट्यावर विसरून गेली. मला आता इथली मेट्रो, एमआरटी, चांगली जमते. जुराँग ईस्टला गाडी बदलायची, मग वुडलँड्सवरून वळसा घालत आंग मो किओ. खिडकीशी बसून गेले. ऑफिसच्या खाली पोचले तर लेक मीटिंगमध्ये, फोन उचलेना. तेवढ्यात इपोहचा समोरून आला, हातात प्लास्टिकची मोठी पिशवी. मला बघून म्हणाला, "आंटी, एकट्या आल्या? चला, चहा पिऊ." माझं इंग्रजी मोडकं, आणि तो माझ्यासाठी आपलं मुद्दाम मोडतो, शेवटी इथल्यासारखं लाह लावतो, त्यामुळे आमचं छान जमतं.

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, बसलो. त्याने माझ्यासाठी कमी गोडाचा चहा आणला. पिशवी खुर्चीवर ठेवताना तिच्यातून एक चप्पल बाहेर डोकावली. कागदाची. मी बोट दाखवलं. त्याने एकेक वस्तू काढून दाखवली. कागदाचा ब्लाऊज, कागदाची पर्स, कागदाचा मोबाइल, चार्जरसकट.

"हे कशाला?"

"आईसाठी. तिच्या कबरीपाशी जाळायचं, म्हणजे तिला पोचतं. पहिलं वर्ष आहे, आंटी. गेल्या पावसात गेली."

मी कप खाली ठेवला. त्याची आई गेलेली मला माहीतच नव्हतं. तो मध्ये काही दिवस डबा खायला नव्हता, लेक म्हणाली होती की गावाला गेलाय, आणि मी पुढे विचारलं नव्हतं.

"मोबाइल वापरायची का ती?"

"छे. किती शिकवलं. शेवटपर्यंत उलटा धरायची. आता तिथे वेळच वेळ आहे, शिकेल लाह."

तो हसला, मग मीही हसले, आणि मग दोघांनाही पुढे हसता येईना. त्याने सांगितलं की कबर झाडायला वर्षातून एकदा सगळे जमतात, चिनी लोकांत ह्याच दिवसांत. पहिल्या वर्षी घरातली मोठी माणसं दिवस ठरवून देतात, तो चुकवायचा नाही. मोठा मुलगा तोच. पहिलं गवत त्याने उपटायचं असतं.

"मग रजा?" मी विचारलं, आणि विचारताच मला कळलं की मी काय विचारते आहे.

"बघू. बास्केटबॉल आहे ना." मग वस्तू पिशवीत भरताना म्हणाला, "ऑफिसात बोलू नका हं आंटी. कारण सांगायचं नाही, नियम आहे."

मी माझंही सांगणार होते. शब्द अगदी ओठांवर आला होता. आयुष्यात मी कधी काही पोटात ठेवलेलं नाही, आमचे हे म्हणायचे की हिला बातमी सांगितली की पेपर बंद केला तरी चालतो. पण मी डबा त्याच्या हातात दिला, उसळ खाली आहे असं सांगितलं आणि निघाले. 

काय करावं ते सुचेना. लेकीला सांगावं तर ती जिंकली तरी रजा सोडून देईल, तिचा स्वभाव मला माहीत आहे. मग वडिलांच्या श्राद्धाला पुन्हा पुतण्या. न सांगावं तर त्या पोराच्या आईचं गवत तसंच राहणार. मी संध्याकाळी ह्यांच्या फोटोपुढे उभी राहिले, पण पंच असून त्यांनीही काही निकाल दिला नाही. मी गप्प बसले. लेकीने जेवताना विचारलं, "तुझं पोट बरं नाही का? बोलत नाहीयेस." मी म्हटलं, ऊन लागलं.

रविवारी सकाळी उपांत्य सामने झाले. दोघांचेही संघ जिंकले.

अंतिम सामन्याच्या दिवशी लेक लवकर गेली, तिथे सगळे मिळून बघणार होते. जावई माझ्यासाठी घरी थांबले. सामना सकाळी नऊनंतर लागला. मी देवाला नमस्कार केला, पण काय मागायचं ते न ठरवता केला. लेकीचा संघ निळा, त्याचा लाल. बराच वेळ निळे पुढे होते. जावई खुर्चीच्या कडेवर. मग लाल हळूहळू जवळ आले. अगदी शेवटी निळे एका गुणाने मागे, आणि त्यांच्या एका उंच पोराला दोन मोफत फेकी मिळाल्या. एकेकीला एक गुण, दोन्ही आत गेल्या तर लेक पुण्याला. त्याने चेंडू जमिनीवर आपटला, फेकला. कडेला लागून बाहेर. दुसराही बाहेर, आणि वेळ संपली.

जावयांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि मला, देवाशपथ सांगते, आधी हायसं वाटलं.  मग लगेच दुसरं काहीतरी आलं आणि मी स्वतःलाच घाबरले. आपल्या नवऱ्याचं श्राद्ध, आपली पोर, आणि मला हायसं कसं वाटतं? मी आत जाऊन उगाच कुकर घासत बसले.

लेक संध्याकाळी आली. चेहरा उतरलेला, पण रडलेली नव्हती. पर्स ठेवली, पाणी प्यायली. मी ठरवलं होतं की आता बोलायला हरकत नाही, निकाल लागला आहे.

"अगं, मला एक सांगायचंय. तो इपोहचा आहे ना, त्याची आई..."

"माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"पहिलं वर्ष आहे. कबरीवर जायचंय त्याला. त्याची आई गेली तेव्हा त्याच्या शेजारीच बसलेली होते मी, फोन आला तेव्हा. आणि बाबांच्या वेळी मला विमानतळावर त्यानेच सोडलं."

मी खुर्ची ओढून बसले. 

"म्हणजे त्याला तुझं माहीत आहे? आणि तुला त्याचं? आणि तरी तुम्ही दोघं तो कागद भरून बसलात? समोरासमोर?"

"हो."

"अगं, मग बोलायचं ना एकमेकांशी. त्याने तुला रजा सोडली असती, नाहीतर तू त्याला."

"तेच नको होतं ना." ती माझ्या समोर येऊन बसली. "कोण सोडणार? मी म्हणायचं, तुझी आई माझ्या बाबांपेक्षा मोठी? की त्याने म्हणायचं? जो सोडेल तो आयुष्यभर सोडल्याचं धरून ठेवणार, आणि दुसरा त्याचं ओझं वाहणार. आता काय झालं? त्या पोराच्या हातून चेंडू सुटला. मी त्या पोरावर चिडू शकते. ह्याच्यावर नाही."

"आणि सामना संपल्यावर? तो काय म्हणाला?"

"काही नाही. मी म्हटलं, तुझे लाल नशीबवान. तो म्हणाला, तुझ्या निळ्यांनी सरावच केला नाही लाह. मग आम्ही कामाला लागलो."

मला हे पटलं असं मी म्हणणार नाही. आमच्या काळी माणसं बसून बोलायची, रडायची, भांडायची, मग कुणीतरी माघार घ्यायचं. हे असं दुसऱ्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या पोरांच्या हातात देऊन टाकायचं, हे मला आजही विचित्र वाटतं. पण माझी पोर समोर बसली होती आणि तिच्या तोंडावर कुणाबद्दल कडवटपणा नव्हता. गेल्या वर्षी दारात उभी होती तेव्हा होता. पुतण्याबद्दल, विमानाबद्दल, माझ्याबद्दलसुद्धा थोडा होता, तो मी पाहिला होता.

तिने फोन उचलला आणि स्वतः काकांना लावला. स्पीकरवर ठेवला.

"काका, मला यायला जमत नाहीये. तिथे दादाला बसू दे. मी इथे बसते, त्याच तिथीला."

 दीर म्हणाले, "दोन ठिकाणी?"

"बाबा एक आणि आम्ही दोघं. होईल ना?"

"होईल म्हणा. गुरुजींना विचारतो. बरं, वहिनींचं तिकीट कधीचं काढलंय? घ्यायला गाडी पाठवतो."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिने मला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. जावईही दारात येऊन उभे राहिले होते. पुण्याला सगळं नीट होणार होतं. जाऊबाई असणार, चारी ठाव स्वयंपाक असणार, माझ्यासाठी पाट मांडलेला असणार. बायकोने तिथेच असावं, ह्यात दुसरं मत नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "माझं तिकीट काढलेलं नाही. मी इथेच थांबते."

"वहिनी? अहो, तुम्हीसुद्धा? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तिथे करायला माणसं आहेत. इथे हिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं."

"बरं, गुरुजींना दोन्हीकडचं सांगून ठेवतो," असं म्हणून भाऊजींनी फोन ठेवला.  

श्राद्धाच्या दिवशी सकाळी लेक सुती साडी नेसून बसली. ऑफिसात तिने अर्धा तास उशिरा येते असं कळवलं होतं, कारण न सांगता. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते, जावयांनी मोबाइल बरण्यांना टेकवून उभा केला होता. तीळ, दर्भ, भात, सगळं मी मांडलं. तिने पिंड वळले, आणि ती कुठे चुकली नाही. इथे पक्ष्यांना बाहेर खायला घालायची बंदी आहे, त्यामुळे कावळ्याचा घास कुठे ठेवायचा हा प्रश्न पडला. गुरुजींना विचारलं. तेही थोडे गडबडले. मग म्हणाले, आतल्या खिडकीत ठेवा, नंतर पाण्यात सोडा, बापाला लेकीच्या घरी कुणाची परवानगी लागत नाही.

सगळं आटोपल्यावर तिने मला वाकून नमस्कार केला, साडी बदलली, गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलं.

"आई, संध्याकाळी उशीर होईल हं. तो इपोहला गेलाय, आज त्याचं कामही माझ्याकडेच आहे."

मी खिडकीतून तिला बसस्टॉपकडे जाताना बघत राहिले.